पाला काळा पडला, आता कंद कधी काढायचे?

प्रश्न : वाफ्यात गाजर आणि बीट आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून फ्रॉस्टची (रात्री पारा शून्याखाली जाऊन पडणाऱ्या हिमाची) भीती असते. सगळे आधीच काढून ठेवावे का? (एक वाचक, कॅलगरी)

सगळे एकदम काढू नका. पहिला नंबर बीटाचा. त्याचा कंद अर्धा मातीबाहेर असतो. हलका फ्रॉस्ट तो सोसतो, पण पारा उणे 4 च्या आसपास गेला की उघडा माथा गोठतो आणि पुढे तिथूनच सडायला लागतो. 5 ते 7 सेंमी व्यास झाला की उपटा. त्याहून मोठे बीट बरेचदा जून निघते. पाला सुरीने न कापता पिळून तोडा, 2-3 सेंमी देठ आणि खालचे शेपूट राहू द्या, नाहीतर उकडताना सगळा रंग पाण्यात उतरतो.

गाजराला मात्र थोडी थंडी लागू द्या. गारठ्यात ते साठवलेल्या पिष्टाची साखर करते, त्यामुळे दोन-चार हलके फ्रॉस्ट खाल्लेले गाजर हलव्यासाठी उत्तम. माथ्याजवळची माती बोटाने सारून पाहा, जाडी 2 ते 2.5 सेंमी असेल तर तयार. पाकिटावरचे ‘70 दिवस’ फार मनावर घेऊ नका, गार मातीत दोन-तीन आठवडे सहज जास्त लागतात. माथा उघडा पडून हिरवा होत असेल तर माती ओढा. कोरड्यानंतर एकदम भरपूर पाणी दिले की गाजर तडकते. तडकलेली आधी खा, ती टिकत नाहीत.

30 सेंमी पेंढा पसरून गाजर हिवाळाभर जमिनीत ठेवतात, हे खरे. पण कॅलगरीत चिनूक या डोंगरांवरून उतरणाऱ्या उबदार वाऱ्यांनी भर जानेवारीत बर्फ वितळतो आणि माती पुन्हा गोठते. या उलटापालटीत गाजर सडते, शिवाय पेंढ्यात उंदीर येतात. तिथे ऑक्टोबरमध्येच, माती कडक होण्याआधी काढलेले बरे. न धुता, पाला तोडून, दमट वाळूच्या थरांत 0 ते 2 अंशांना ठेवा. जवळ सफरचंदे नकोत, त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने गाजर कडू होते.

प्रश्न : बटाट्याचा पाला एका रात्रीत काळा पडला. पीक गेले का? (एक वाचक, टोरांटो)

रात्री फ्रॉस्ट पडला होता का, ते आधी पाहा. पडला असेल तर फक्त पाला मेला आहे, मातीखालचे बटाटे शाबूत असतात. वर डोकावणारे तेवढे मातीने झाका आणि दोन आठवडे थांबा, तेवढ्यात साल पक्की होते. एक बटाटा काढून अंगठ्याने घासा, साल सुटली तर अजून थांबा. फ्रॉस्ट नसताना पानांवर काळे डाग पडून कुबट वास येत असेल तर तो करपा रोग. मग पाला लगेच कापून बागेबाहेर टाका.

खणायला दुपार बरी. माती 7 अंशांखाली असेल तर बटाटा जरा आपटला तरी आतून काळा पडतो. नंतर 10 ते 15 अंशांत, अंधारात, दोन आठवडे पसरून ठेवा. फ्रिजमध्ये नको, तिथे त्यात साखर वाढते आणि काचऱ्या तळताना काळपट होतात.

प्रश्न : मेमध्ये पेरलेल्या पांढऱ्या मुळ्याला थेट फुलेच आली. (एक वाचक, मिनिआपोलिस)

लांबलेल्या दिवसांमुळे. डिंगऱ्यांची (मुळ्याच्या शेंगांची) भाजी करा आणि पुढच्या वर्षी जुलैअखेर पेरा. साधारण 60 दिवसांत काढा, उशीर झाला की मुळा आतून भुसभुशीत होतो.

प्रश्न : नवरात्राच्या उपवासाला घरची रताळी हवी आहेत. फ्रॉस्टनंतर काढली तर गोड होतील ना? (एक वाचक, मिसिसागा)

उलट बिघडतील. रताळे उष्ण मुलखातले, माती 10-12 अंशांवर आली की कंदाला इजा होते आणि पुढे सड लागते. म्हणून फ्रॉस्टच्या आधीच काढा. अचानक वेल काळे पडलेच तर त्याच दिवशी बुडाशी कापून खणायला घ्या. ताजे रताळे पिठूळ, बेचव लागते. 27 ते 30 अंशांत, दमट जागी 7 ते 10 दिवस ठेवल्यावर खणताना झालेल्या जखमा भरतात. गोडी पुढच्या दोन-तीन आठवड्यांत येते. तेव्हा घटस्थापनेच्या निदान महिनाभर आधी थोडी काढून ठेवा. नंतर साठवण 13 ते 15 अंशांत. फ्रिजमध्ये ठेवलेले रताळे कितीही उकडले तरी मध्ये टणक राहते.