नवीन अँड्रॉइड स्टिरिओ आणि अँप्लिफायर बसवल्यापासून गाडीत शिट्टीसारखा आवाज येतो, एफएमही खरखरतं. दुकानदार फिल्टर लावा म्हणतो. लावू का?

एवढ्यात नको. तुम्ही लिहिलंय की एक्सलेटर दाबला की शिट्टी चढते, आणि एफएम मात्र इंजिन बंद असतानाही खरखरतं. म्हणजे दुखणी दोन आहेत. एका फिल्टरने दोन्ही जाणार नाहीत.

आधी शिट्टी. अल्टरनेटरच्या करंटमध्ये थोडी लहर उरतेच आणि ती इंजिनच्या वेगाबरोबर चढते-उतरते. वायरिंग नीट असेल तर ती स्पीकरपर्यंत पोचत नाही. पण स्टिरिओची अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) एकीकडे आणि डिकीतल्या अँपची दुसरीकडे असली, तर दोन्हींतल्या व्होल्टेजच्या किंचित फरकाने आरसीए केबलच्या (स्टिरिओतून अँपकडे आवाज नेणाऱ्या) बाहेरच्या जाळीतून करंट वाहतो आणि अँप तो इमानदारीत मोठा करून ऐकवतो.

इंजिन चालू ठेवून स्टिरिओचा आवाज शून्यावर आणा. शिट्टी तेवढीच राहिली तर ती व्हॉल्यूमच्या पुढे, म्हणजे केबल किंवा अँपकडे शिरतेय. आता अँप बंद करून आरसीए पिना काढा आणि पुन्हा चालू करा. शांत झालं तर अँप निर्दोष. मग स्टिरिओऐवजी चार्जिंगला न लावलेला फोन त्याच आरसीए केबलला जोडून बघा. आता शिट्टी नसेल तर केबलही ठीक, घोळ अर्थिंगचा.

दुरुस्ती करताना बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. अँपची अर्थ बॉडीला जिथे जोडलीय तिथला रंग खरवडून पत्रा उघडा करा. रंगावर कसलेला बोल्ट हे अर्ध्या तक्रारींचं मूळ असतं, असं माझं मत आहे. वायर पॉझिटिव्हइतकीच जाड आणि शक्य तितकी आखूड हवी. स्टिरिओची काळी (अर्थची) वायरही कंपनीच्या बारीक हार्नेसवर (वायरांच्या जुडग्यावर) न सोडता वेगळी ओढून बॉडीला द्या. बॅटरीची केबल आणि आरसीए एकाच बाजूच्या कार्पेटखालून नेली असेल तर एक उचलून पलीकडे न्या. आणि अँपचा गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा स्क्रू) कमी करा. दुकानात तो बहुतेक वेळा पूर्ण फिरवून ठेवलेला असतो, त्याला व्हॉल्यूम समजून.

आता एफएम. छतावरच्या आखूड अँटेनाच्या बुडाशी बऱ्याच गाड्यांत छोटा अँप्लिफायर असतो, त्याला १२ व्होल्ट लागतात. नवीन स्टिरिओची अँटेनासाठीची निळी वायर बऱ्याचदा टेप गुंडाळून तशीच सोडलेली असते. अँटेनाला १२ व्होल्ट पोचतात का, मल्टिमीटर लावून बघा. नसतील तर आधी ती वायर जोडून घ्या.

तिथे व्होल्ट मिळत असतील तर संशय डॅशकॅमच्या नाहीतर मोबाइलच्या चार्जरवर. १२ चे ५ व्होल्ट करताना तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि रेडिओ लहरी सोडतो. सगळं उपटा आणि एकेक परत लावा. गुन्हेगार पटकन शोधायचा असेल तर खिशातला साधा रेडिओ मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांमधल्या रिकाम्या जागी लावून चार्जरजवळ फिरवा. मीडियम वेव्ह हा गोंगाट एफएमपेक्षा कितीतरी लवकर पकडते. सापडला की चार्जर बदला. वायरीवर फेराइटचा क्लिप (गोंगाट अडवणारी चुंबकीय कडी) लावूनही बराच फरक पडतो. घाटात डोंगराआड एफएम तुटतं, ते यात धरू नका.

एवढं करूनही शिट्टी उरलीच तर आरसीएच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (दोन अर्थांमधला जोड तोडून फक्त आवाज पुढे देणारी छोटी डबी) लावा. स्वस्तातला घेतलात तर बेस थोडा पातळ होतो.