शेतात जनावरांचा गोठा बांधायला जमीन एनए (बिगरशेती) करावी लागते का?

नाही. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, दोन म्हशींसाठी पत्रे टाकले की कुणीतरी "एनए कुठंय?" म्हणून हटकतंच, पण घाबरू नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधल्या शेत-इमारतीच्या व्याख्येत जनावरांचा निवारा, चारा आणि खत ठेवायची जागा स्पष्ट लिहिलेली आहे. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरसारख्या महापालिकांच्या हद्दीत मात्र आधी परवानगी घ्या.

खरा जाच अनुदानाच्या वेळी होतो. रोजगार हमीतून गोठा मिळतो, पण सातबारा सामाईक असला की पुण्याला कामाला गेलेल्या भावाचंही संमतीपत्र मागतात अन् फाईल तिथंच अडकते. दीड एकरवाल्यानं किती खेटे घालायचे? म्हणून संमतीपत्र आधीच करून ठेवा. अर्ज ग्रामपंचायतीत लेखी द्या आणि पोहोच घेतल्याशिवाय उठू नका.