वाचकांचे प्रश्न : फ्रिगेटवर हेलिकॉप्टर कशाला?

प्रश्न : चतुर्थीच्या सुट्टीत मुलांना बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय दाखवलं. एकावर एक दोन पंखे असलेलं कामोव्ह हेलिकॉप्टर पाहून धाकट्यानं विचारलं, फ्रिगेटवर, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेवर, ब्रह्मोस असताना हे कशाला लागतं? जहाजाची मागची सगळी जागा तेच अडवतं. त्यापेक्षा तिथे आणखी क्षेपणास्त्रं बसवली तर? काय सांगू त्याला?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : माझी बहुतेक नोकरी फ्रिगेटच्या हेलिकॉप्टर डेकवर गेली, त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा आहे.

ब्रह्मोसचा मूळ पल्ला २९० किलोमीटर. पण तेवढ्या लांबचं जहाज फ्रिगेटच्या रडारला दिसतच नाही, कारण पृथ्वी गोल आहे. बोगमाळोच्या वाळूत उभं राहिलं की आपलं क्षितिज साडेचार किलोमीटरवर संपतं. रडारची अँटेना पाण्यापासून २५ मीटर उंच असेल, तर तिचं क्षितिज जेमतेम २० किलोमीटरवर. लाटांच्या वर पाच मीटरवरून येणारं क्षेपणास्त्र तिला साधारण ३० किलोमीटरवर पहिल्यांदा दिसणार. ते सेकंदाला ३०० मीटर वेगानं येत असेल, तर हातात उरले १०० सेकंद. तेवढ्यात ते शत्रूचंच आहे याची खात्री करायची, त्याला हवेतच पाडणारं श्टिल क्षेपणास्त्र डागायचं आणि तेही हुकलं तर एके-६३० वर भिस्त ठेवायची. ही सहा नळ्यांची तोफ मिनिटाला सुमारे ५,००० गोळ्या झाडते, पण तिचा उपयोग अगदी शेवटच्या टप्प्यात.

आता आपल्या दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदल हवाई तळावरचं कामोव्ह-३१ घ्या. त्याच्या पोटाशी सहा मीटर लांबीची चपटी अँटेना घडी करून ठेवलेली असते. हवेत गेल्यावर चाकं वर ओढली जातात, अँटेना उलगडून खाली येते आणि फिरू लागते. ३,००० मीटर उंचीवरून तिचं क्षितिज सव्वादोनशे किलोमीटरवर जातं. इवलंसं क्षेपणास्त्र काही ती इतक्या लांबून पकडत नाही, पण मोठं जहाज पकडते आणि त्याचा ठावठिकाणा फ्रिगेटला कळवते. मग ब्रह्मोस कुठे सोडायचं ते ठरतं. हेलिकॉप्टर काढून क्षेपणास्त्रं वाढवली, तर ती आंधळेपणानं डागावी लागतील.

दुसरं काम पाणबुडीचं, आणि माझ्या मते तेच मोठं. अरबी समुद्रात वरचं पाणी तापलेलं असतं, खाली गार पाण्याचा थर. या दोन थरांच्या सीमेवर ध्वनी वाकतो. जहाजाचं सोनार, म्हणजे ध्वनीवरून पाणबुडी शोधणारं यंत्र, जहाजाच्या तळाला, म्हणजे वरच्या ऊन पाण्यात असतं. पाणबुडी खालच्या थरात दडली की ते पुष्कळदा फसतं. पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टर पाण्यावर पंधरा-वीस मीटरवर एका जागी थांबतं, तारेनं सोनार त्या थराखाली सोडतं, ऐकतं, वर ओढून घेतं आणि पुढच्या जागी जातं. पाणबुडी सापडली की टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून जाणारं स्फोटक अस्त्र, टाकतं. उलट पाणबुडीचा टॉर्पेडो त्याच्यापर्यंत पोचू शकत नाही.

आयएनएस खुखरी आठवा. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवजवळ हंगोर या पाकिस्तानी पाणबुडीनं तिला बुडवलं. दीव तेव्हा गोव्याच्याच केंद्रशासित प्रदेशात होतं. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. खुखरी पाणबुड्या शोधण्यासाठीच बांधलेली फ्रिगेट होती, पण तिच्यावर हेलिकॉप्टर ठेवायची सोय नव्हती. पुढच्याच वर्षी नौदलात आलेल्या निलगिरी या फ्रिगेटवर हँगर, म्हणजे हेलिकॉप्टर ठेवायची बंदिस्त जागा, होता. तारागिरी आणि विंध्यगिरी या नंतरच्या फ्रिगेटवर तर थेट सी किंग हे मोठं पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टर उतरू लागलं.

धाकट्याला डेकचीही गोष्ट सांगा. उड्डाणाआधी आम्ही खांद्याला खांदा लावून डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मान खाली घालून चालायचो. एखादा स्क्रू, तारेचा तुकडा, काहीही दिसलं की उचलायचं, कारण ते इंजिनात ओढलं गेलं तर माणसं जातात. हेलिकॉप्टर परतलं की आधी साखळ्यांनी डेकला जखडायचं, मग खाऱ्या हवेनं चढलेलं मीठ गोड्या पाण्यानं धुवायचं, इंजिनसुद्धा. आमच्या आंघोळीच्या पाण्याला कात्री लागली, तरी या पाण्याला कधी लागली नाही, आणि त्याबद्दल कुणी कुरकुरलं नाही.

प्रश्न : वास्कोला गोवा शिपयार्डमध्ये फ्रिगेट बांधतात म्हणे, त्या पूर्ण आपल्या का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : आराखडा मूळचा रशियन, तलवार वर्गाचा. या मालिकेतल्या चार फ्रिगेटपैकी तुशिल आणि तमाल ही जहाजं रशियात बांधली गेली. ती अनुक्रमे ९ डिसेंबर २०२४ आणि १ जुलै २०२५ रोजी नौदलात दाखल झाली. उरलेल्या दोन वास्कोच्या : त्रिपुटचं जलावतरण २३ जुलै २०२४ला झालं, तवस्यचं २२ मार्च २०२५ला. लांबी जवळपास १२५ मीटर. एवढं मोठं लढाऊ जहाज गोव्यात याआधी बांधलं गेलं नव्हतं, आणि मागे हेलिकॉप्टरचा डेक दोघींवरही आहे.