नकाराच्या पत्रात आधी कलम शोध

माहिती अधिकाराच्या अर्जाला नकार आला म्हणून खचू नकोस. पत्रात कलम कोणतं टाकलंय ते बघ. माहिती अधिकार कायदा, २००५ चं कलम ९, म्हणजे कॉपीराइटच्या कारणाने नकार, लागतं ते कॉपीराइट सरकारबाहेरच्या कुणाचा असेल तेव्हाच. मला एका कार्यालयाने याच कलमाखाली पाण्याच्या लाइनींचा नकाशा नाकारला होता. नकाशाच्या कोपऱ्यात शिक्का मात्र त्यांचाच! कंत्राटदाराने काढलेला असेल, तर करारात हक्क कुणाकडे ते विचार. खासगी तपशील असतील तर कलम १० नुसार तेवढे वगळून बाकीचं माग. पहिलं अपील ३० दिवसांत. आणि हो, प्रत मिळाली म्हणजे छापायचा परवाना मिळाला असं नाही. तो वेगळा मागावा लागतो.