प्रार्थना कोरडी पडली म्हणजे विश्वास संपला का?

“रोज प्रार्थना करते, पण आत काहीच हलत नाही. माझा विश्वास संपला का?” चर्चच्या मंडळीतील माणसे मला हा प्रश्न इतक्या दबक्या आवाजात विचारतात की तेवढ्या दबक्या आवाजात घरातली भांडणेही सांगत नाहीत. असाच एक अनुभव, संबंधित बाईंच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, पहिल्या आठवड्यात माझ्याकडे आलेल्या या बाई पेशाने शिक्षिका होत्या आणि शब्बाथशाळेतही, म्हणजे मंडळीच्या बायबल शिकवणाऱ्या वर्गातही, अनेक वर्षे शिकवत होत्या. पवित्र शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, 1,189 अध्याय वर्षभरात संपवायचे म्हणून त्या पहाटे साडेचारला उठून तीन-चार अध्याय वाचत आणि कॅलेंडरवर खूण करत. एकही खूण चुकलेली नव्हती. तरीही सात महिने प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, प्याल्यांचा ट्रे समोर आला की मान खाली घालून त्या तो शेजारणीकडे सरकवत होत्या. कोणी उपवास सुचवला, कोणी प्रार्थना वाढवायला सांगितले.

मी आधी झोप, भूक आणि थकवा यांची चौकशी करून त्यांना डॉक्टरांकडे पाठवले, कारण नैराश्याला किंवा थायरॉईडच्या त्रासाला अविश्वास म्हणणे हा त्या माणसावर अन्याय असतो. तपासण्यांत काही निघाले नाही. मग विचारले, “देवाशी शेवटचे मनापासून कधी बोललात?” बऱ्याच वेळाने उत्तर आले, “सासूबाईंच्या मातीच्या आदल्या रात्री.”

अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे त्यांनी तीन वर्षे सगळे केले होते. दफनविधीनंतरच्या प्रार्थनेत मात्र सेवेबद्दल आभार मानले गेले ते पुण्याहून आलेल्या थोरल्या दिरांचे आणि जाऊबाईंचे. या तेव्हा स्वयंपाकघरात पन्नास माणसांचा चहा गाळत होत्या. आभाराचे शब्द त्यांनी तिथूनच ऐकले आणि गाळणी तशीच हातात धरून उभ्या राहिल्या.

जिवंत अंतःकरण म्हणजे सदैव भरून आलेले अंतःकरण, हा समज आपल्या सभांमधून फार पसरला आहे. जुन्या कराराच्या मूळ इब्री भाषेतील अंतःकरणासाठीचा ‘लेव’ हा शब्द मात्र भावनेइतकाच विचार आणि निर्णय यांनाही कवेत घेतो. म्हणून बायबलमधील नीतिसूत्रांच्या चौथ्या अध्यायात अंतःकरण राखायला सांगितले आहे, तेव्हा मला त्याचा अर्थ तेथे काय साठले आहे हे देवासमोर न लपवणे असा वाटतो. मी त्यांना अध्यायांचा क्रम थांबवून केवळ तेरावे स्तोत्र वाचायला सांगितले. त्यात ‘कोठवर’ हा प्रश्न सुरुवातीलाच चार वेळा येतो आणि त्याबद्दल ते रचणाऱ्या दावीद राजाला कोणी रागावत नाही. आपला ‘कोठवर’ वहीत लिहा, एवढेच काम दिले.

दुसऱ्या आठवड्यात वही आली. “प्रभू, लंगोट मी बदलले आणि नाव त्यांचे घेतले.” हे वाचून दाखवताना त्यांचा आवाज चढला आणि मग त्या घाबरल्या. मी लगेच क्षमा करायला सांगितले नाही; क्षमा गोळीसारखी लिहून देणाऱ्यांनी केलेले नुकसान मी पुष्कळ पाहिले आहे.

पुढची गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली. जाऊबाईंनी आठवण म्हणून सासूबाईंचे गीतांचे पुस्तक मागितले होते आणि यांनी “सापडत नाही” असे सांगून ते साड्यांखाली ठेवले होते. प्रभुभोजन टाळण्याचे खरे कारण तेथे होते. स्वतःची परीक्षा करण्याविषयी प्रेषित पौलाने लिहिलेले वचन त्यांना पाठ होते. पण परीक्षा करून मग भाकर खावी, असे ते वचन म्हणते, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात वेदीपाशी अर्पण ठेवून आधी ज्याच्याकडे समेटासाठी जायचे, तो भाऊही आपल्याविरुद्ध ज्याच्या मनात काही आहे असा आहे. आपला अपमान कोणी केला, हा मुद्दा तेथे नाही.

ईस्टरनंतर त्या एसटीने पुण्याला जाऊन पुस्तक देऊन आल्या. जाऊबाईंनी क्षमा मागितली नाही. त्यांनी पुस्तक उघडले, त्यात सासूबाईंनी खुणेसाठी ठेवलेले एसटीचे जुने तिकीट निघाले आणि दोघीही काही वेळ बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात यांनी प्याला घेतला. अजूनही काही पहाटे कोरड्या जातात असे त्या सांगतात; तेव्हा त्या वहीत तेवढेच लिहितात. अध्यायांचा जुना क्रम त्यांनी पुन्हा धरला की नाही, हे मी विचारलेले नाही.