आधी बोट, मग व्हिला

पुण्यातल्या शाळांच्या सुट्टीत आठवडाभर भाड्याच्या बोटीवर आणि मग व्हिलात राहायला जायचं तर मे महिन्यात ग्रीसमधलं लेफकाडा बेट बघा. पाणी जरा गार असतं, एवढंच. बोटी बहुधा शनिवार ते शनिवार मिळतात, म्हणून आधी बोट ठरवा आणि व्हिला त्यापुढे जोडा. बोट चालवायचा परवाना नसेल तर स्किपर, म्हणजे बोट चालवणारा, सोबत घ्या. त्याला वेगळी केबिन लागते, जेवणही बहुधा आपल्याकडेच. म्हणजे चौघांना तीन केबिनची बोट. कडक सुटकेस अजिबात नको, ठेवायला जागाच नसते. कापडी बॅगा न्या. मुलांची वजनं आधी कळवून लाइफ जॅकेटं मागवा. बोट ताब्यात घेतानाच ती घालून, मांड्यांमधला पट्टा आवळून बघा. तो सैल राहिला तर पाण्यात जॅकेट वर सरकून तोंडावर येतं. ग्रीससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो.