झोपलेला विषाणू आणि लेकीची पीएचडी

सांगलीहून एका आईचं पत्र आहे. मुलगी एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या पहिल्या वर्षाला. ‘लिम्फोमाच्या पेशींत हर्पिस विषाणूची कोणती जनुकं चालू असतात’ यावरच पीएचडी करायची म्हणते. (लिम्फोमा म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा एक कर्करोग.) आईचे प्रश्न दोन: पेशी हाताळून तिलाच काही झालं तर? आणि पुढे नोकरीचं काय?

ताई, आधी भीतीचं बोलू. हर्पिस कुळातला एप्स्टाइन-बार विषाणू १९६४ मध्ये लंडनमध्ये सापडला, युगांडातून आलेल्या बर्किट नावाच्या लिम्फोमाच्या गाठींतून वाढवलेल्या पेशींत. पण जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या अंगात तो मुकाट्याने राहतो. तुमच्या-माझ्यातही बहुधा असेल. प्रयोगशाळेत हातमोजे, सेफ्टी कॅबिनेट, सगळे नियम असतात. लेकीच्या स्कूटरची काळजी जास्त करा.

आता ती नेमकं काय करणार, ते. हा विषाणू पेशीत दडी मारून बसतो. ऐंशीच्या वर जनुकं असूनही बर्किटच्या पेशीत त्याचं जेमतेम एक प्रथिन बनतं, ईबीएनए-१. बाकीची जनुकं गप्प का, आणि कशाने जागी होतात, हा प्रश्न. गंमत अशी, की फ्लास्कमधल्या थोड्या पेशींत तो आपणहून जागा होतो. सगळ्या पेशींचा आरएनए (चालू जनुकांवरून बनणारी नक्कल) एकत्र काढला, की ती जनुकं ‘थोडी चालू’ दिसतात. खरं तर मूठभर पेशींत ती जोरात चालू असतात आणि बाकीच्यांत पूर्ण बंद. हा फरक ऐकून मुलीचे डोळे चमकले, तर विषय तिचा आहे.

रोजचं काम मात्र वेगळं. पेशी ज्यात वाढतात ते गुलाबी पोषक द्रव, म्हणजे माध्यम, पिवळं पडू लागलं, की रविवार असो वा गणपती, जाऊन पेशींना नवं माध्यम द्यायचं. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूचा संसर्ग साध्या डोळ्यांना दिसत नाही, आणि तो झाला तर जनुकांचे आकडेच बिघडतात. महिन्याची मेहनत ओतून द्यावी लागते. हे न पाहता पाच-सहा वर्षांचा शब्द देऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

म्हणून आधी एक उन्हाळा प्रयोगशाळेत घालवू दे. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. शिवाय पुण्यात एनसीसीएस (पेशीविज्ञानाची संस्था; देशाचं पेशीभांडार तिथेच आहे) आणि एनआयव्ही (विषाणू संशोधन संस्था), खारघरला कर्करोग संशोधनाचं केंद्र अ‍ॅक्ट्रेक. नेट-जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी आत्तापासून हवी. जेआरएफला २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत, म्हणजे पीएचडीचा भार घरावर पडत नाही.

नोकरी ‘हर्पिस’ नावाने कुणी देत नाही. पेशी वाढवणं, क्यूपीसीआर (जनुकं किती चालू आहेत ते मोजायची पद्धत), सिक्वेन्सिंगच्या (डीएनए-आरएनएचा क्रम वाचण्याच्या) आकड्यांचं विश्लेषण, हे हातात असेल तर लसकंपन्या आणि निदानाच्या लॅब दार उघडतात. त्यासाठी तिने आर किंवा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकावीच. मायक्रोबायोलॉजीची मुलं नेमकं हेच टाळतात.

प्राध्यापकांना मेल तिनेच लिहावा, तुम्ही किंवा तिच्या बाबांनी नव्हे. ‘मला विषाणूंची खूप आवड आहे’ एवढ्यावर उत्तर येत नाही. त्यांचा एखादा शोधनिबंध वाचून त्यातली कोणती आकृती कळली नाही, ते विचारावं.